खोक्यातले भिंग आणि नाकावरचा चष्मा

सकाळी साडेसातला मला टेबलाच्या खणातून काढून पुठ्ठ्याच्या खोक्यात टाकले. खोक्यात एक बंद पडलेले घड्याळ होते आणि झाकण हरवलेला डबा होता. खोके दाराशी ठेवले. संध्याकाळी भंगारवाला येणार आहे.

मित्रांनो, मी एक जुने भिंग आहे. एका कारागिराने माझी काच घासून घासून मधोमध फुगीर केली, पितळी कड्यात बसवली आणि लाकडी दांडा लावला. मला विकत घेतले ते गृहस्थ छापखान्यात मुद्रिते, म्हणजे छपाईआधीचे कच्चे कागद, तपासत. माझ्या नजरेतून अनुस्वारही सुटत नसे. अक्षरांचे खिळे जुळवणारे जुळारी वैतागून म्हणत, "ते भिंग लपवा रे कोणीतरी!" इतके कौतुक मला पुरेसे होते.

पुढे माझे मालक निवृत्त झाले, आजोबा झाले. नात शब्द विचारायला येऊ लागली. आजोबा अर्थ कधीच सांगत नसत. जाडा शब्दकोश उघडत, बारीक अक्षरांवर मला धरत आणि म्हणत, "बघ." माझ्यात एका वेळी एकच शब्द मावतो. म्हणून आधी अर्थ, मग मूळ, मग त्याचे नातेवाईक, असे आम्ही सावकाश फिरत असू. 'परीक्षा' शब्दाच्या वेळी आजोबा म्हणाले, "परि म्हणजे सगळीकडून. ईक्ष् म्हणजे पाहणं."

"म्हणजे बाई आम्हाला सगळीकडून बघतात?"

"हो. म्हणून शेजारणीच्या वहीत डोकावू नकोस."

मग आजोबांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आणि तो आला. चष्मा! त्याला मखमली अस्तराची डबी, स्वतःचे वेगळे फडके. मला पुसायला सदऱ्याचे टोक. तो सापडेना की सारे घर शोधायला निघते, आणि हा बसलेला असतो आजोबांच्या कपाळावर. मी खणात होते, पण मला कोणी हाकही मारली नाही. खरे सांगते, तो एकदा तरी पडावा, असे मला रोज वाटे.

त्याच्यातून आजोबांना अख्खे पान एकदम दिसते. त्यामुळे त्यांची घाई वाढली. मागच्या आठवड्यात नातीने 'उपेक्षा' विचारला. आजोबा वर्तमानपत्रातून मान न काढता म्हणाले, "दुर्लक्ष." संपले. मी खणात नुसते चडफडत राहिले.

आज सकाळी तिने तोच शब्द पुन्हा विचारला. आजोबा फिरायला निघाले होते.

"अगं, परवाच सांगितला ना?"

"तुम्ही सांगितलात. मी बघितला कुठे?"

आजोबा चपला घालताना थांबले, मग जिना उतरून गेले. नातीने खण उघडला, मग खोके उपसले.

"ते टाकायला काढलंय," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "आजोबांना आता लागत नाही."

"मला लागतं!"

तिने मला शब्दकोशावर धरले. उप, जवळ. ईक्ष्, पाहणे. तिचा श्वास माझ्या काचेवर उमटला.

"आई, उपेक्षा म्हणजे जवळ असून नुसतं बघत राहायचं! अपेक्षा, प्रतीक्षा, परीक्षा, सगळ्या ह्याच घरातल्या!"

"बरं. आता दप्तर भर, उशीर होतोय." आई बाहेर आली, खोक्याकडे पाहिले आणि म्हणाली, "आजोबांना विचारते. ते ठेव म्हणाले तर ठेवू."

मित्रांनो, जुन्या काचेला मऊ फडके लावा, तिला उन्हात ठेवू नका. आणि शब्द अडला तर नुसता अर्थ घेऊन पळू नका. त्याचे घर बघून या.

आता साडेनऊ वाजले आहेत. नात शाळेत गेली आहे. मी उघड्या शब्दकोशावर आहे, शेजारी डबीत चष्मा आहे. खोके अजून दाराशीच आहे. जिन्यात आजोबांची पावले वाजत आहेत.