चिन्नम्माची साक्ष

"माझ्या नवऱ्याचा पाय प्रभूनं बरा केला," चिन्नम्मानं सभेत उभं राहून साक्ष दिली आणि सगळी मंडळी हालेलुया म्हणत उठली.

पाय बरा झालेला नव्हता. मागच्या बाकावर बसलेल्या पोत्तनच्या टाचेची जखम त्या सकाळीही वाहत होती. साखरेचं दुखणं ते. पण चिन्नम्मा खोटं बोलत नव्हती. केरळातल्या रान्नीच्या त्या ख्रिस्ती मंडळीत रीतच होती तशी. मागितलेलं मिळालंच असं धरून आधी आभार मानायचे, मग प्रभू दिल्यावाचून राहत नाही. कुणी सुनेच्या दम्यासाठी, कुणी लेकाच्या गल्फच्या व्हिसासाठी अशाच साक्षी दिल्या होत्या. ज्यांच्या फळल्या नाहीत त्यांचा विषय कुणी काढत नसे.

"अगं, बरा झालाय हे पायाला सांगितलंस का?" घरी येताना पोत्तन म्हणाला.

"थट्टा नको. विश्वास ठेवा."

"ठेवतो बाई."

तसा तो कसला विश्वास ठेवणारा! रबराच्या मळ्यात पहाटे चढ चढून झाडांना चिरा पाडायच्या, चीक गोळा करायचा, एवढंच त्याला ठाऊक. सभेला यायचा तो बायकोखातर.

चिन्नम्मानं उपास धरले, गुडघे टेकून रडून रडून मागितलं. जखमेला वास यायला लागला तेव्हा तिचा धीर सुटला आणि तिनं पास्टर सामकुट्टींचं घर गाठलं.

"दवाखान्यात नेऊ का?"

"न्या की. मी कुठं अडवतोय?" पास्टर म्हणाले. "पण ताई, साक्ष दिलीत ना तुम्ही? बरा झालेला पाय डॉक्टरला कसा दाखवणार? लोकांचा विश्वास डळमळेल, एवढंच."

ती तशीच परतली. रविवारी पोत्तन मोजे-बूट चढवून ताठ चालत सभेला आला. जरासुद्धा लंगडला नाही. बायका कौतुकानं बघत राहिल्या आणि चिन्नम्माला हायसं वाटलं. प्रभूनं ऐकलं, असं तिनं खरंच मानलं.

पुढच्याच आठवड्यात तो तापानं फणफणून मळ्यात कोसळला. तिरुवल्लाच्या दवाखान्यात गुडघ्याखालून पाय कापावा लागला.

"इतके दिवस झोपला होतात का?" डॉक्टर खेकसले.

चिन्नम्मानं तोंड उघडायच्या आत पोत्तन म्हणाला, "मीच आलो नाही, साहेब. सुईला भितो मी."

डॉक्टर गेल्यावर तिनं विचारलं, "एवढं दुखत होतं तर लंगडला का नाहीत?"

"सगळे तुझ्याकडे बघत होते ना," तो म्हणाला.

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तो घरी आल्यावर पास्टर मंडळीला घेऊन आले. लांबलचक प्रार्थना झाली. "जीव वाचवला प्रभूनं," निघताना ते म्हणाले. "ताई, रविवारी साक्ष द्या."

"माझी देऊन झालीय," चिन्नम्मा म्हणाली आणि तिनं दार लावून घेतलं.

रात्री तिनं भाताची कांजी वाढली. जेवणाआधीची प्रार्थना लग्न झाल्यापासून तीच करायची. पोत्तन हात जोडून वाट बघत बसला.

"गार होतंय. जेवा."

त्यानं जोडलेले हात सोडले नाहीत. मग जन्मात कधी प्रार्थना न केलेल्या त्या माणसानं डोळे मिटले. "प्रभू," तो अडखळत म्हणाला, "कांजी दिलीस. चिन्नम्मा दिलीस..." आणि गाडी अडली.

"पुढं काय असतं गं?"

तिला सगळं पाठ होतं. तिनं त्याच्या ताटलीत लोणचं वाढलं.