अकरा मिनिटं पुढे

मी बोलतोय, आणि पहिल्याच दमात कबूल करून टाकतो: मी खोटारडा आहे. एका मोठ्या रुग्णालयाच्या ऑपरेशन थिएटरच्या भिंतीवरून नऊ वर्षं मी बिनदिक्कत खोटी वेळ सांगितली. त्याबद्दल मला कधी नोटीस आली नाही. ती आली भलत्याच माणसाला, आणि तेव्हापासून माझ्या पोटात हे सगळं साचून राहिलंय.

तसा मी साधा. पांढरी तबकडी, काळे काटे आणि उगाच घाईत असल्यासारखा लाल सेकंदकाटा. कारखान्यात आम्हा सगळ्या भावंडांना दहा वाजून दहा मिनिटांवर लावून खोक्यात भरलं, कारण त्या वेळी म्हणे घड्याळ हसरं दिसतं. भाऊ कुठे बँकेत गेले, कुठे शाळेत. मला थिएटरच्या आत, दारासमोरच्या भिंतीवर ठोकलं, जिथे जाणाऱ्यायेणाऱ्या रुग्णांना माझ्या हसण्याचं काही कौतुक नव्हतं.

पहिले दोन महिने मी अगदी सज्जन होतो. मग मला मोठे सर भेटले.

मोठे सर म्हणजे तिथले सर्जन. हातात जादू, पण वेळेच्या नावाने बोंब. रुग्ण टेबलावर, सगळे हातमोजे चढवून ताटकळत उभे आणि सर समोरच्या खोलीत कोणाला तरी कालचा सामना समजावून सांगताहेत. मनगटी घड्याळ ते घालत नसत, हात धुताना आड येतं म्हणून. मोबाइल कायम गाडीत विसरलेला. दाराच्या काचेतून त्यांना दिसायचो तो फक्त मी.

मोठ्या सिस्टरांनी, म्हणजे थिएटर चालवणाऱ्या मुख्य नर्सबाईंनी, हे अचूक हेरलं. एका सकाळी त्या स्टुलावर चढल्या, मला उतरवलं आणि माझे काटे पुढे सरकवले. खालून कोणीतरी विचारलं, "अकराच का हो?"

"दहा केली तर संशय येईल, पंधरा केली तर पकडली जाईन," सिस्टर म्हणाल्या आणि फडक्याने माझं तोंड पुसलं.

त्या दिवसापासून सर वेळेवर येऊ लागले. कॉलर ताठ करून सगळ्यांना सांगू लागले, "मी कधी मिनिटभर उशीर करत नाही." थिएटरमधल्या प्रत्येकाला खरी गोष्ट ठाऊक होती. नवीन नर्सला पहिल्या दिवशी चपला कुठे काढायच्या हे सांगत आणि लगेच, घड्याळातून अकरा वजा करायचे, हेही सांगत. ठाऊक नव्हतं ते एकट्या सरांना, आणि अख्खं थिएटर त्यांच्या त्या अज्ञानावर सुरळीत चाललं होतं.

आता मॅडमबद्दल. मॅडम भूलतज्ज्ञ. बाकीच्यांचं लक्ष रुग्णाच्या पोटाकडे असायचं, मॅडमचं रुग्णाकडे. भूल देताना त्या प्रत्येकाला विचारायच्या, "उठल्यावर पहिल्यांदा काय खायचं मनात आहे?" माणूस उत्तर शोधता शोधता झोपायचा. दर पाच मिनिटांनी त्या नाडी आणि रक्तदाब तक्त्यात लिहायच्या. लिहिण्याआधी माझ्याकडे बघायच्या आणि त्यांचे ओठ मास्कमागे जरासे हलायचे. वजाबाकी चालायची. मला त्यांच्याबद्दल फार जिव्हाळा होता, कारण वजाबाकी करताना त्या माझ्यावर कधी वैतागल्या नाहीत.

एक दिवस एका निवृत्त शिंप्याचं पित्ताशय काढायचं होतं. निम्मं काम झालं आणि त्यांची नाडी एकाएकी घसरली. यंत्र किंचाळलं. सरांचे हात थांबले. मॅडमनी मात्र कोणाकडे न बघता इंजेक्शन दिलं, प्राणवायूची पिशवी दाबली, नळी तपासली. अर्ध्या मिनिटात नाडी परत आली. मग त्यांनी पेन उचललं, माझ्याकडे पाहिलं आणि लिहिलं: इंजेक्शन दिलं, दहा तेहतीस.

मी बघत होतो. त्या वेळी त्यांचे ओठ हलले नाहीत.

यंत्र फक्त नाडी घसरल्याची वेळ छापतं, आणि त्याच्या कागदावर छापली होती दहा बावीस. यंत्राला सिस्टरांनी हात लावला नव्हता ना.

शिंपीबुवा दोन दिवस अतिदक्षता विभागात राहिले, नर्सच्या कपड्यांची शिलाई किती कच्ची आहे हे सांगून सगळ्यांना हैराण केलं आणि स्वतःच्या पायांनी घरी गेले. पण त्यांच्या जावयाने फाइलची प्रत मागितली. दोन कागद शेजारी ठेवले आणि त्याचं डोकं फिरलं. अकरा मिनिटं म्हातारा मरणाच्या दारात, आणि डॉक्टरीणबाई करत काय होत्या? त्याला मी दोष देत नाही. कोणीही हेच विचारलं असतं.

तक्रार परवाना मंडळाकडे गेली. मंडळाने कागद बघितले आणि मॅडमचा परवाना वर्षभरासाठी निलंबित केला. वीस वर्षं माणसं झोपवून सुखरूप उठवणाऱ्या बाईला आता कोणाला साधी गुंगीची गोळी लिहून द्यायची सोय राहिली नाही. शिवाय नावाला हलगर्जीपणाचा डाग, तो कायमचा. मॅडमनी दाद मागितली. जबाबात लिहिलं, थिएटरचं घड्याळ अकरा मिनिटं पुढे होतं. झालं! मंडळ म्हणालं, तपासनीस पाठवतो.

आणि इथे माझं नशीब आडवं आलं. तपासनीस येणार म्हटल्यावर रुग्णालयाचे व्यवस्थापक कामाला लागले. पडदे धुतले, कुंड्या रंगवल्या, बंद दिवे बदलले आणि जाता जाता मलाही बरोबर लावलं. त्यांच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. तपासणीच्या आधी सगळं ठाकठीक करायचं, एवढंच त्यांना माहीत. तपासनिसाने मला मोबाइलशी ताडून पाहिलं आणि लिहिलं, घड्याळ अचूक. नऊ वर्षांत पहिल्यांदा मी खरं बोललो आणि एका खऱ्या बाईला खोटं पाडलं. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

पुढच्या आठवड्यात मॅडम कपाट रिकामं करायला आल्या. त्यांनी दारातूनच मला बघितलं, मग थिएटरबाहेरच घालायचं मनगटी घड्याळ बघितलं.

"सिस्टर, हे कोणी केलं?"

"व्यवस्थापकांनी."

"आणि तपासनिसाला तुम्ही काय सांगितलंत?"

सिस्टर हातातल्या टॉवेलच्या घड्या घालत राहिल्या. "सर शेजारीच उभे होते, मॅडम. कसं सांगणार?"

मॅडमनी थिएटरच्या चपला पिशवीत घातल्या आणि गेल्या. सिस्टरांनी त्या टॉवेलच्या घड्या पुन्हा मोडल्या आणि पुन्हा घातल्या.

सुनावणीला मलाही नेलं, हिरव्या कापडात गुंडाळून, गळ्यात पुराव्याची चिठ्ठी अडकवून. लांबट टेबलामागे तीन जण. मधले अध्यक्ष म्हणजे निवृत्त नेत्रतज्ज्ञ, आयुष्यभर लोकांना 'नीट बघा' म्हणत आलेले. मागच्या बाकावर मॅडमची आई, मांडीवर थर्मास घट्ट धरून. सरही होते. आणि सिस्टर उभ्या राहिल्या.

"घड्याळ मीच पुढे केलं होतं," त्या म्हणाल्या. "थिएटरचं आणि वॉर्डाचं रजिस्टर आणलंय. बघा, नऊ वर्षं, घाईत वजाबाकी राहून गेली की आमचे रुग्ण थिएटरमधून निघायच्या आधीच वॉर्डात पोचताहेत."

"पण पुढे का केलं?"

सिस्टरांनी सरांकडे बघितलं नाही. "सरांनी वेळेवर यावं म्हणून."

सर उठलेच. "मी तर कायम वेळेवर येतो!"

"तेच ना, सर."

सर हळूच खाली बसले. त्यांचा चेहरा असा पडला की मला माझ्या काट्यांचा राग आला. मग ते खालमानेने म्हणाले, "सिस्टर कधी खोटं बोलत नाहीत. लिहून घ्या."

अध्यक्षांनी सिस्टरांना मला लावून दाखवायला सांगितलं. त्या स्टुलावर चढल्या, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत माझे काटे अकरा मिनिटं पुढे केले आणि मला तिथल्याच खिळ्याला अडकवलं. तरी अध्यक्षांचं समाधान होईना.

"डॉक्टर, घड्याळ पुढे आहे हे तुम्हाला माहीत होतं ना? मग चुकीची वेळ लिहिलीत कशी? माहीत असलेली गोष्ट जबाबदार माणूस विसरतो का?"

"हातात एक जीव होता, सर," मॅडम म्हणाल्या. "तेव्हा वजाबाकी होत नाही. डोळ्यांना दिसतं ते हात लिहितो."

"हे काही पटत नाही," अध्यक्ष म्हणाले आणि चहाची सुट्टी जाहीर केली. आईने थर्मास उघडलाच नाही.

सगळे परतले. अध्यक्षांनी बिस्किटाचा शेवटचा तुकडा तोंडात टाकला, मान वर करून मला बघितलं आणि कारकुनाला सांगितलं, "घ्या. कामकाज चार वाजून पाच मिनिटांनी पुन्हा सुरू."

कारकुनाने टाइप केलं. खोलीत कोणी हललं नाही.

"सर," मॅडम हळूच म्हणाल्या, "आत्ता तीन चोपन्न झालेत."

अध्यक्षांनी मनगट बघितलं. मला बघितलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मागच्या बाकावर आईला हसू आवरेना, म्हणून तिने पदर तोंडात धरला. तिचे डोळे मात्र वाहत होते.

"ती वेळ खोडा," अध्यक्ष कारकुनाला म्हणाले. जरा थांबले. "नको. राहू दे तशीच."

निलंबन रद्द झालं. थिएटरमध्ये आता नवं, आकडे दाखवणारं घड्याळ आलंय. ते कधी चुकत नाही आणि सर रोज उशिरा येतात, असं ऐकतो. मला मात्र परत न्यायला कोणी आलं नाही. मंडळाच्या त्याच खिळ्यावर लटकलोय, गळ्यात चिठ्ठी, अजून अकरा मिनिटं पुढे. एकच मागणं आहे. दोन कागद शेजारी ठेवून कोणाला गुन्हेगार ठरवाल, तेव्हा आधी भिंतीवरच्या माझ्यासारख्यालाही दोन प्रश्न विचारा.

परवाच मॅडम परवाना घ्यायला आल्या होत्या. कारकुनाने रजिस्टर पुढे केलं. "इथे सही करा मॅडम, आणि वेळ टाका."

मॅडमनी मान वर करून मला बघितलं. त्यांचे ओठ जरासे हलले. मग त्यांनी वेळ लिहिली.