मोठ्या बाईंची बस-ऊठ

सुनेचं काम जनावरांच्या पायांचं. कुणाचं कुत्रं जिन्यावरून घसरलं, कुणाच्या मांजराचं हाड जुळलं पण पाय काही टेकेना, की डॉक्टर आपलं काम उरकून पुढचं तिच्याकडे पाठवायचे. मग चोळणं, ताणणं, पाण्यात चालवणं आणि मुख्य म्हणजे लाडीगोडी. शेजारीण चेष्टेने म्हणायची, "काय बाई तुझे पेशंट!" त्यावर तिचं उत्तर ठरलेलं, "बरे झाले की निदान शेपटी तरी हलवतात."

अशा सुनेच्या घरी सासूचा नवा गुडघा मुक्कामाला यावा, ही देवाचीच गंमत. सासूबाई म्हणजे शाळेच्या मोठ्या बाई. निवृत्त होऊन वर्षं लोटली, तरी सगळं गाव त्यांना मोठ्या बाईच म्हणे, आणि समोर आलेला माणूस नकळत शर्टाचं बटण लावून घेई. त्यांचं स्वतःचं घर दुसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट नाही. सर्जनने स्पष्ट सांगितलं होतं, गुडघा नीट वाकला तर जिना, नाहीतर मुलाकडेच राहा. मुलावर माया होती, पण मुलाकडे कायमचं राहायचं म्हटलं की मोठ्या बाई विषयच बदलायच्या. आपली खिडकी, आपला देव्हारा, आपली किल्ली. जीव सगळा तिथे अडकलेला.

म्हणजे व्यायाम करायलाच हवा होता. आणि करवून घेणारी घरातच होती. पण घोळ झाला तो तिथेच.

दुसऱ्याच दिवशी मोठ्या बाईंनी दात-ओठ खाऊन गुडघा वाकवला. सुनेला इतका आनंद झाला की दिवसभराची सवय तोंडातून उसळून आली. "शाब्बास गं माझी सोनुली!" असं म्हणत तिने सासूच्या कानामागे खाजवलं, आणि एप्रनच्या खिशातला हात थेट सासूच्या तोंडाशी नेला. मोठ्या बाई रागवायला तोंड उघडत होत्या. बिस्किट आत गेलं.

त्यांनी ते चावलं. विचार केला. "जरा खारट आहे. पण खुसखुशीत. कुठलं गं?"

सून भिंतीकडे बघू लागली. नवऱ्याला मात्र खरं बोलायची भारी खोड. "आई, ते कुत्र्याचं आहे. कलेजीच्या चवीचं."

त्या दिवसापासून व्यायाम बंद. "या घरात मला माणसात धरणार असाल तर राहीन," असं म्हणून मोठ्या बाईंनी पाय सरळ ठेवला तो सरळच. सुनेने माफी मागितली, विनवण्या केल्या, नवऱ्याला मध्ये घातलं. छे! आणि नवा गुडघा तर हट्टी मुलासारखा, आज वाकवला नाही तर उद्या अधिक ताठ. सुनेला रात्री झोप लागेना. ज्या हातांनी इतक्या पायांना चालतं केलं, त्यांनी घरचाच पाय अडवला, हे तिला खुपत राहिलं.

मग एक दिवस नवरा कामानिमित्त बाहेरगावी गेला. मोठ्या बाईंना एकटं ठेवणं बरं नाही, म्हणून सुनेने त्यांना गाडीत घातलं आणि आपल्या कामाच्या जागी नेलं. रबरी गाद्या अंथरलेली लांब खोली, कोपऱ्यात पाण्याची काचेची टाकी, दोरीवर टॉवेल, आणि सगळीकडे ओल्या कुत्र्याचा वास. मोठ्या बाई नाकाला पदर लावून बाकावर बसल्या.

पहिला पेशंट हवालदार. भरघोस मिशांचा थोराड कुत्रा, खुब्याचं ऑपरेशन झालेला. त्याला उचलूनच आणलं ते गॅरेजवाल्या काकांनी. काका पैलवान गडी, पण डोळे भरलेले. "ताई, इंजिन झकास आहे हो, पण मागची चाकं बसलीत ती उठायचं नाव घेत नाहीत."

सून हवालदाराशेजारी गादीवर चक्क आडवी झाली. हात खुब्याजवळ नेला. त्याने अंग चोरलं, तिने हात मागे घेतला. पुन्हा नेला, पुन्हा मागे घेतला.

"अगं, लाव की हात! कुणाची वाट बघतेस?" बाकावरून आवाज आला.

"त्याची, आई. दुखतं त्याचं आहे. त्याने हो म्हटल्याशिवाय कसा लावू?"

बऱ्याच वेळाने हवालदाराने एक लांब उसासा सोडला आणि आपणहून खुबा तिच्या तळव्यावर टेकवला. मोठ्या बाईंचा पदर नाकावरून कधी खाली आला, त्यांनाही कळलं नाही.

आता त्याला बसल्या जागेवरून उभं राहायचं होतं. हवालदार जरा कण्हला, की लगेच काका धावून त्याला कमरेत उचलायचे.

"अहो!" मोठ्या बाई कडाडल्या. "तुम्ही त्याचा पेपर सोडवताय!"

काका हात मागे बांधून भिंतीला लागले.

सून मागून खुबे सांभाळत म्हणाली, "आई, याच्यासमोर कुणीतरी बसून उठून दाखवायला हवं. समोरचं माणूस उठलं की याला उठावंसं वाटतं. काका उठले तर हा उचलून घ्यायची वाट बघतो."

"ही तुझी युक्ती आहे."

"युक्ती सुचली असती तर आठवडाभर रडत बसले नसते."

मोठ्या बाईंनी तिच्याकडे बघितलं. मग हवालदाराकडे. मग बाकाची कड धरली, ओठ आवळले, आणि शाळेच्या मैदानावरचा तो आवाज काढला, "ऊठ!"

स्वतः उठल्या. हवालदार थरथरला, पुढचे पंजे रोवले, आणि मागचा भाग वर आला. काका भिंतीपाशी सावधान उभे होतेच, ते आणखी ताठ झाले.

"बस. परत. तोंड वाकडं करू नकोस, माझाही दुखतोय."

त्या संध्याकाळी घरी त्यांनी पाय पुढे केला. "त्याला विचारलंस तसं माझ्या गुडघ्यालाही विचारत जा. मग बघू."

सुनेने हात गुडघ्याशेजारी ठेवला आणि थांबली. बऱ्याच वेळाने वरून आवाज आला, "हं. कर."

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाई सकाळीच तयार होऊन दाराशी. "चल लवकर. हवालदाराचा अभ्यास बुडतोय."

असे कितीतरी दिवस गेले. मग एका रविवारी दोघी त्या जुन्या जिन्यापाशी उभ्या राहिल्या. मोठ्या बाईंनी देवाचं नाव घेतलं आणि कठडा धरला. सून एक पायरी मागे, हात पुढे केलेला, पण कुठेही न टेकवलेला. मधल्या मजल्यावर मोठ्या बाई थांबल्या. सुनेने हात आणखी जवळ नेला.

"घाबरू नकोस, दम खातेय. हवालदारही खातो."

वर पोचल्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने कुलूप काढलं, खिडकी उघडली, देव्हाऱ्यासमोर हात जोडले. सून चहा टाकायला आत निघाली, तशी मागून हाक आली.

"तू कुठे चाललीस? पाहुणी ना तू? बस तिथे. चहा मी करते."

सून खिडकीपाशी बसली. आतून भांड्यांचा आवाज येऊ लागला, आणि त्यामागोमाग मोठ्या बाईंचं गुणगुणणं.