न आलेले सगळे स्थिर

ऑफिसात साहेबांना मागून सगळे ‘पंडित’ म्हणत, आणि ते कानावर आलं तरी साहेब खूश होत. यावरून काय तो माणूस ओळखावा. कुठलं औषध सरकारनं फुकट द्यायचं आणि कुठलं नाही, याचं गणित हे ऑफिस करायचं. गणितात तीन खाने. स्थिर, बिघडलेला आणि मयत. दर महिन्याला शंभरातले किती जण या खान्यातून त्या खान्यात जातात, औषध घेऊन किती आणि न घेता किती, एवढं शोधायचं. बाकीचं कॉम्प्युटर करतो, म्हणून तर पंडितांचं निभावत होतं.

शोधायचं काम धाकटीकडे होतं. ती घरातली धाकटी. ऑफिसात तिला नावानं हाक मारण्याइतकं कुणी मोजत नव्हतं. यावेळचं औषध फुप्फुसाचं होतं, आणि तेच तिची ताई घेत होती. हे तिनं पहिल्याच दिवशी साहेबांच्या कानावर घातलं. “आकड्यांना नातीगोती नसतात,” साहेब म्हणाले. असली वाक्यं त्यांच्याकडे पोत्यानं पडलेली असत.

निकाल निघाला तो असा, की औषध घेतलं काय आणि न घेतलं काय, फरक शून्य. म्हणजे औषध यादीतून जाणार. धाकटीला हे पटेना. औषधाआधी ताई अर्ध्या जिन्यात बसकण मारायची, आता पिशव्या घेऊन चढत होती. तिनं मूळ नोंदी उघडल्या आणि कपाळावर हात मारला.

जो तपासणीला आला नाही, त्याला गेल्या वेळच्या खान्यात ठेवायचं, ही ऑफिसची जुनी रीत. मागे स्थिर होता ना, मग आजही स्थिर. पुढच्या खेपेला आला नाही, तरी स्थिरच. माणूस मातीत गेला तरी पंडितांच्या तक्त्यात ठणठणीत. आणि न येणारे बहुतेक कोण, तर औषध न मिळालेले.

दवाखान्यातल्या नर्सबाईंच्या नाकदुऱ्या काढून तिनं न आलेल्यांच्या घरी फोन करवले. बरेचसे कधीच वारले होते. धाकटीनं आकडे नव्यानं काढले, तेव्हा औषधाविना माणसं भराभरा शेवटच्या खान्यात जात होती.

साहेबांनी चष्मा न लावताच कागद पाहिला. “रीत आहे ती. आजवर सगळ्या औषधांना हीच लावलीय.”

“मग आजवर सगळंच चुकलंय, साहेब.”

साहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. “फोन फिरवून शास्त्र होत नाही. आणि तुमच्या बहिणीचा मामला आहे, तेव्हा तुम्ही तोंड न उघडलेलंच बरं.”

पहिल्या दिवशी नसलेलं नातं आता बरं आठवलं.

धाकटीनं तोंड उघडलंच. थेट यादी ठरवणाऱ्या समितीपुढे जाऊन तिनं सगळं मांडलं. समिती म्हणजे चहा गार होऊ न देणारी पाच-सहा वजनदार माणसं. त्यांनी माना डोलावल्या. मुद्दा फारच महत्त्वाचा आहे, असं अध्यक्षबाई दोनदा म्हणाल्या, आणि पुढच्या फेरविचारात तो जरूर घ्यावा, असं ठरलं. फेरविचार तीन वर्षांनी. तोवर औषध बंद. साहेबांनी सर्वांचे आभार मानले. अशा माणसांच्या हाती लोकांचा श्वास दिलाय.

घरी ताई कपड्यांच्या घड्या घालत होती. औषध विकत घेण्याची ऐपत दोघींचीही नव्हती, त्यामुळे तो विषयच निघाला नाही.

“तीन वर्षं ना,” ताई म्हणाली. “निघतील की. तुमच्या गणितात काय येतं? माझ्यासारख्या शंभरातल्या किती उरतात?”

धाकटीला ते पाठ होतं. त्या बिनडोक लोकांना पटावं म्हणून तिनं तो आकडा पुन्हापुन्हा तपासला होता. त्यात तसूभर चूक नव्हती.

“सांग की. काम तुझंच ना ते?”

“पंच्याऐंशी,” धाकटी म्हणाली.

तो पंडितांचा आकडा होता. ताई हसली आणि तिनं पुढचा कपडा उचलला.