बुरशीची मूळ ट्यूब

त्या सकाळी प्रयोगशाळेतल्या इन्क्युबेटरमध्ये बेचाळीस प्लेट होत्या. एकोणचाळीस प्लेटवर जिवाणूंची साय अखंड पसरलेली, दोन वाळून गेलेल्या. उरलेल्या एकीत, मी कुजक्या ओंडक्यावरून खरवडून आणलेल्या करड्या बुरशीभोवती स्वच्छ, गोल, रिकामी जागा होती. ती बुरशी असं काहीतरी सोडत होती की जिवाणू जवळ फिरकत नव्हते.

सगळ्यात आधी मी ते शेजारच्या टेबलावरच्या ताईला दाखवलं. ताई नात्यातली नव्हे, पण प्लेट ओतायला तिनंच शिकवलं होतं आणि माझ्या डब्यातलं ती न विचारता खायची. ती म्हणाली, ओंडक्यावरून आणलेल्या बुरशीची मूळ ट्यूब माझ्या फ्रीजमध्ये ठेव, तुझा फ्रीज म्हणजे नुसतं कपाट आहे. मी ठेवली. माझ्याकडच्या तुकड्यातून मी आठवड्याला नवी प्लेट लावत राहिले, हौसेनं आगरमध्ये, म्हणजे बुरशी ज्यावर वाढते त्या जेलीत, साखर वाढवत. बुरशी फोफावली, मी खूश.

मग प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांच्या बैठकीत ताईनं पडद्यावर तीच करडी बुरशी दाखवली आणि आपल्याला सापडली म्हणून सांगितलं. मी हरकत घेतली. ताई शांतपणे म्हणाली, हिची वेगळी आहे, नुसती दिसायला तशी. सर वैतागले. दोघींनी आपापली बुरशी एकाच प्लेटवर लावायची, जिची जिवाणूंना रोखेल तिच्या नावावर शोध, असं ठरलं.

बाहेर आल्यावर मी मूळ ट्यूब मागितली.

"कुठली ट्यूब?"

"ताई, चेष्टा नको."

"अगं वेडे, तुझं वय काय, माझं काय? तुला अजून दहा बुरश्या सापडतील."

घरी जाताना मला उलगडलं. आयतं गोडधोड मिळत राहिलं की पुढच्या पिढ्यांत बुरशी कधीकधी लढायचं सोडते. मला हे पुस्तकातून माहीत होतं, ताईला हाताच्या अनुभवातून. माझ्या साखरेच्या प्लेट ती रोज बघत होती. एकदा तर साखरेची बरणी हातात देत म्हणाली होती, घाल अजून थोडी.

माझ्याकडे दुसरं काही नव्हतं, म्हणून मी तीच बुरशी लावली. ठरल्या दिवशी सरांनी प्लेट उलटी धरून बुरशींभोवतीची रिकामी जागा मोजायला पट्टी लावली.

ताईची बुरशी: सव्वीस मिलिमीटर. माझी: शून्य.