निळ्या बागेतला डेन्झिल

कॉर्नवॉलच्या त्या किनाऱ्यावर नोकरी संपली की काही बायका देवाला लागतात. मोर्वेना निळ्या रंगाला लागली. बागेत निळ्याखेरीज दुसरा रंग म्हणून दिसता कामा नये, असं तिने जाहीर केलं आणि नवऱ्याचे लाडके नारिंगी डेलिया मुळासकट उपटले. डेन्झिल मासेमार माणूस, खुरपं हातात न धरणारा. तो पायरीवर बसून म्हणाला, "आता माझं नाक तेवढं लाल उरलंय. तेही उपट."

"ते बागेचं नाही, बिअरचं आहे," ती म्हणाली.

फेब्रुवारीत, मांस-बटाट्याच्या पेस्टीचा शेवटचा घास तोंडात असतानाच डेन्झिल गेला. चर्चच्या आवारात मला पुरू नका, पाद्रीबुवांच्या प्रवचनात आयुष्यभर पुरेसा झोपलोय, असं त्याने आधीच सांगून ठेवलं होतं. मग मोर्वेनाने त्याची राख फाटकाजवळच्या थोरल्या, निळ्या फुलांच्या हायड्रेंजियाच्या झुडपाच्या बुंध्याशी घातली. रडली, माती दाबली, वर पाणी शिंपडलं.

जुलैत गावाला बाग दाखवायचा दिवस जवळ आला. डेल्फिनियम निळे, लव्हेंडर निळं, आणि फाटकाजवळ तो हायड्रेंजिया गुलाबी. तोही लाजरा गुलाबी नाही, तान्ह्या पोरीच्या टोपड्यासारखा.

शेजारची टॅम्सिन कुंपणावरून वाकली. इथली माती आंबट म्हणून ही फुलं निळी येतात, राखेने आंबटपणा मरतो, असं तिने समजावलं. "तू राख घातलीस का त्याला?"

"डेन्झिलला घातलं."

टॅम्सिनने शाल तोंडात कोंबली, पण हसू काही कोंबलं गेलं नाही.

माती पुन्हा आंबट व्हावी म्हणून मोर्वेनाने तुरटीचं पाणी करून ओतायला सुरुवात केली. रस्त्याने जाणाऱ्या पाद्रीबुवांनी विचारलं, झाडाला औषध का? "नवऱ्याला," ती म्हणाली. बुवांनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि चालू लागले.

फुलं तशीच राहिली. शेवटी ती राख उकरून काढायला फावडं घेऊन गेली. पण पावसाने डेन्झिल केव्हाच जिरवला होता. तो कुठे संपतो आणि माती कुठे सुरू होते, कोण सांगणार? पालथ्या बादलीवर बसून तिने त्याला मनसोक्त शिव्या घातल्या. लग्नानंतर इतका वेळ उलट न बोलता त्याने कधी ऐकून घेतलं नव्हतं. तिला एकदम त्याची फार आठवण आली. फावडं तिने परत नेऊन ठेवलं.

बाग बघायला अख्खा गाव लोटला. ट्रुरोहून आलेल्या एक जाणकार बाई फाटकाशी थबकल्या आणि हळहळत म्हणाल्या, "सगळं कसं छान जमलंय, पण एवढं एक चुकलं बघा."

"चुकलं नाही हो," मोर्वेना म्हणाली, "नवरा आहे तो माझा. बुंध्याशी पुरलाय."

बाई घाईघाईने चहाच्या टेबलाकडे गेल्या. चहाबरोबर ठेवलेला घरचा स्कोन-पाव मात्र त्यांनी घेतला नाही.