पहिल्या पंगतीतलं ताट

भूमच्या डॉक्टरीणबाईंनी नीलव्वाला बजावलं होतं, "अभ्यास चांगला आहे तुझा. पण इतकी अशक्त गेलीस, तर हैदराबादच्या नर्सिंग शाळेतून परत पाठवतील. पोटभर जेव, वेळेवर झोप."

घरात बायका शेवटी, उरलेलं जेवत. त्या संध्याकाळी नीलव्वा ताट घेऊन पुरुषांच्या पंगतीत बसली.

"निजामाची बेगम झालीस व्हय?" थोरला भाऊ सिद्धलिंग म्हणाला.

"न्हाय, अण्णा. भूक लागलीय."

"मागनं जेवता येत न्हाय?"

"मागनं भाकरी उरत न्हाय."

सिद्धलिंग ताटावरून उठून बाहेर गेला. आईचा भाकरी धरलेला हात तव्यावरच थांबला. नीलव्वानं ताट पुढं केलं.

"वाढ, अव्वा. अण्णाची भाकरी पण मलाच वाढ."